बाची बोटं

काल गल्लीत वरातीआधी कुणीतरी कागद पेटवून हलगी शेकत होतं. त्या तापलेल्या चामड्याचा वास घरात आला आणि माझं प्रार्थनेतलं लक्ष उडालं ते उडालंच.

माझ्या बाची हलगी होती. निजामाचं राज्य होतं तेव्हा, नांदूरघाटाजवळच्या आमच्या वस्तीत बा ख्रिस्ती झाला. पाळकसाहेब म्हणाले, "चूल, शेत, जीभ, हात, सगळं प्रभूला द्यायचं. काही मागं ठेवायचं नाही." बानं दारू सोडली, शिव्या सोडल्या. देवीपुढं वाजलेली हलगी मात्र आठ दिवस खुंटीवरच राहिली. मग एका सकाळी तीही त्यानं पाळकसाहेबांकडं नेऊन दिली.

त्या रविवारी प्रार्थनेत मी बाशेजारी बसले होते. त्याचे डोळे घट्ट मिटलेले, आणि बोटं मांडीवर वाजत होती. आधी हळू, मग जोरात. मला धडकीच भरली. दिलेली वस्तू बा परत घेतोय आणि देव बघतोय! मी त्याची बोटं दाबून धरली.

"कावून गं?" बा कुजबुजला.

"हलगी देवाला देऊन टाकली न्हाई का तुमी?"

बोटं थांबली. पुन्हा कधीच वाजली नाहीत.

तेव्हा वाटलं, मी बाला वाचवलं. आज त्याच्याहून म्हातारी झालेय, आणि प्रार्थनेला बसले की जीव थाऱ्यावर राहत नाही. पाळकसाहेबांनी हातसुद्धा द्यायला सांगितले होते. बानं ते खरंच दिले असतील, तर ती बोटं दाबून धरणारी मी कोण होते?