सोमवारचं माप

कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. हे नाव कटिंग मास्तरांनी ठेवलं होतं, आणि मास्तरांनी ठेवलेलं नाव बदलायची तिथे कुणाची टाप नव्हती. कारखाना बायकांच्या तयार ड्रेसचा. खाली कापड कापायचं लांबलचक टेबल, वर चाळीस मशीन, जिन्याखाली इस्त्री. टाचणी एकोणिसाव्या वर्षी पॅकिंगला लागली. तिसऱ्याच दिवशी मास्तरांनी तिला टेबलाशी बोलावलं, अंगाभोवती टेप फिरवली आणि ओरडले, "अगं, तुला तर देवाने आपला तक्ता समोर ठेवूनच बेतलीय!"

कारखान्याच्या मधल्या साइझशी तिचं अंग तंतोतंत जुळत होतं. त्या दिवसापासून उभं राहणं हेच तिचं काम झालं. नवा नमुना शिवून झाला की तो हिच्या अंगावर चढवायचा. मास्तर टाचण्या लावणार, खडूने खुणा करणार, त्या खुणांवरून कागदाचा फर्मा निघणार आणि त्या फर्म्यावर हजारभर ड्रेस कापले जाणार. मधल्या वेळात बसायला खिडकीजवळची खुर्ची. पॅकिंगच्या बायका जळायच्या, आणि त्यांनी जळावं असं हिलाही वाटायचं.

फक्त दर सोमवारी सकाळी माप द्यावं लागे. सगळ्यांसमोर. मास्तर आकडा मोठ्याने म्हणत, फळ्यावरचा गेल्या आठवड्याचा आकडा पुसत आणि नवा लिहीत. जुळलं की म्हणत, "शाबास." घरी तिला शाबास म्हणणारं कुणी नव्हतं. वडील ती लहान असतानाच दुसरं घर थाटून बसले होते, आणि आई इस्पितळातल्या फरश्या पुसून आली की तिला बोलायचंही त्राण उरत नसे. त्यामुळे सोमवारचा तो एक शब्द ती आठवडाभर पुरवून वापरायची.

दुसऱ्या वर्षी एका सोमवारी माप अर्धं बोट वाढलं. मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक दिली, "ऐकलं का गं, आपल्या टाचणीचा खिळा व्हायला लागला!"

मशीन थांबवून बायका हसल्या. टाचणीही हसली. त्या दुपारी तिने डबा उघडला नाही.

पुढे तिने काय काय केलं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर कुणीतरी त्यातून शिकेल, आणि शिकणाऱ्यांची काही कमी नाही. माप उतरू लागलं एवढं खरं. मास्तरांचं "शाबास" वाढून "वा, शाबास" झालं. इस्त्रीवाली मावशी म्हणाली, "मला पण दे की तुझी थोडी युक्ती." आईसुद्धा म्हणाली, "आता कशी सुटसुटीत दिसतेस." कौतुकाने माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात. हिच्या अंगावर होतं नव्हतं ते उतरलं. केस गळले, हातपाय गार पडले, जिना चढताना कठडा धरावा लागू लागला, आणि एवढ्या मोठ्या कारखान्यात एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मास्तरांना तर दिसणं शक्यच नव्हतं. फळ्यावर कायम एकच आठवडा असायचा, मागचे सगळे त्यांच्याच हाताने पुसलेले. नमुना तिच्या अंगावर सैल लोंबू लागला तेव्हा त्यांनी शिवणाऱ्या बाईला झापलं. "टाचणी म्हणजे माप. टाचणीवर सैल आहे म्हणजे ड्रेस सैल आहे!" जास्तीचं कापड त्यांनी टाचण्यांनी आत घेतलं, तसाच फर्मा काढला, आणि त्या फर्म्यावर अख्खी लॉट कापली. तीस वर्षं कात्री धरलेला माणूस. एका उपाशी पोरीच्या अंगावर त्याने गावभरच्या बायकांचे कपडे बेतले.

लॉट दुकानांत गेली आणि महिन्याभरात परत आली. मधल्या साइझच्या कुठल्याही बाईला बटण लागत नव्हतं. मालकीणबाई खाली येऊन मास्तरांवर तोंड सोडत असतानाच टेबलाशी उभी असलेली टाचणी कोसळली. अंगावर नवा नमुना होता, टाचण्यांसकट. मालकीणबाई म्हणाल्या, "आधी ड्रेस काढा गं तो, रक्त लागेल."

तिला आईच्याच इस्पितळात नेलं. आई वॉर्डाबाहेरची फरशी पुसायची, बादली तिथेच ठेवून आत यायची आणि पोरीला भरवायची. डॉक्टरबाईंनी घड्याळ लावून दिलं होतं, दिवसातून सहा वेळा. "पण मला भूकच नसते," टाचणी म्हणाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तू तिला दोन वर्षं हाकलून लावलंस. आता ती लगेच दार वाजवेल होय? ती येईपर्यंत घड्याळ बघून खायचं." मग म्हणाल्या, "आणि पुन्हा बंद केलंस तर या खेपेला हृदय तुझं ऐकणार नाही. हे मी घाबरवायला सांगत नाहीये." त्या ते घाबरवायलाच सांगत होत्या, आणि बरं करत होत्या.

घरी आल्यावरही आई समोर बसायची. भाताच्या एका वाटीला तासभर. माउलीची माया वगैरे म्हणायचं असेल तर म्हणा, पण ती शिव्याही द्यायची. "माझे पाय सुजलेत, डोळे मिटतायत आणि मी इथे तुझ्या घासावर पहारा देतेय. गीळ एकदाचा!" टाचणी गिळायची. प्रत्येक घास दगडासारखा जायचा आणि पोटात गेल्यावरही तिला शांत बसू देत नसे.

पाच महिन्यांनी ती कामावर परतली. खुर्ची खिडकीजवळून गेलेली. सगळं खापर तिच्यावर फुटलं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, "तुझ्यापायी माल पडून राहिला, आता तूच निस्तर." मास्तर शेजारीच होते. ते कात्रीला तेल देत राहिले.

तिला काम मिळालं ते त्याच लॉटच्या बाजूच्या शिवणी उसवायचं. त्यात पट्टी जोडून ड्रेस मोठे करायचे होते. म्हणजे आपल्याच आजारी अंगाच्या मापाचे कपडे मांडीवर घ्यायचे आणि दिवसभर एकेक टाका कापायचा. अकरा वाजले, एक वाजला, चार वाजले की डबा काढायचा. बायका म्हणायच्या, "काय गं, पुन्हा? हिच्या पोटात गिरणी बसवली की काय इस्पितळात?" आता मात्र सगळ्यांना तिचं पोट दिसायला लागलं होतं.

एका दुपारी तिने न उसवलेला एक ड्रेस उचलला आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन घालून पाहिला. तो खांद्यांतच अडकला. आरशासमोर ती हात वर अडकलेल्या अवस्थेत किती वेळ उभी होती कोण जाणे. त्या दिवशी चारच्या डब्यातलं उकडलेलं अंडं तिने रुमालात गुंडाळून पिशवीत दडवलं.

आईला ते सापडलं. आईने हात उगारला, आणि खाली घेतला. मग रुमालातला तो चुरा उभ्याउभ्याच स्वतःच्या तोंडात टाकला. खाताना ती रडत होती. "मी उष्टं काढते लोकांचं," ती म्हणाली, "तुझंही खाईन. पण मी खाल्लेलं तुझ्या अंगाला लागणार आहे का गं?" त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी आधी डबा बघायची, मग पिशवी चाचपायची, मग रुमाल झटकायची. पोरीवरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच.

आणि मग सोमवार आला. मास्तरांना नवी मुलगी मिळाली होती. काजाबटणावरची, अठरा वर्षांची, हसली की खळी पडणारी. तीन आठवडे झाले होते तिला उभं राहायला लागून. मास्तरांची कंबर धरली होती, म्हणून त्यांनी टेप टाचणीच्या हातात दिली. "घे गं, तुझ्याइतकं हे कुणाला कळणार?" कुणीतरी फिस्सकन हसलं.

टेप धरली तेव्हा तिला जाणवलं, पोरीने श्वास आत ओढून धरलाय. पोरीचे हात गार लागत होते. टाचणीने आकडा म्हटला आणि पुढे आवाज चढवून म्हणाली, "मास्तर, हिचं कमी झालंय. तीन सोमवारांत तीनदा. पुसू नका मागचा आकडा, तसाच राहू दे."

मास्तरांनी कोटाच्या बाहीने फळा पुसला. "वा, शाबास," ते त्या पोरीला म्हणाले.

पोरीचा चेहरा उजळला. आणि खरं सांगायचं तर टाचणीला त्या क्षणी तिची दया आली नाही. हेवा वाटला. असा हेवा की वाटलं, टेप हिसकावून घ्यावी, त्या फळ्यासमोर पुन्हा उभं राहावं आणि आजपासून पाण्याशिवाय काही घेऊ नये. ते शाबास आपलं होतं.

अकराचा ठोका पडला. तिने डबा काढला. झाकणात निम्मा भात काढून तिने पोरीपुढे सरकवला. "खा. माझ्यासमोर खा."

पोरीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नको ताई. मला नाही तुमच्यासारखं व्हायचं."

टेबलाभोवती हशा पिकला. मास्तर तर डोळे पुसायला लागले. टाचणीने झाकण परत ओढलं. आधी डब्यातलं खाल्लं, मग झाकणातलं. सगळे बघत होते आणि ती चावत होती. हेवा काही जाईना, पण घास गेला. दिवसभर तिने शिवणी उसवल्या. एकच्या आणि चारच्या डब्यालाही घड्याळ चुकवलं नाही.

संध्याकाळी आईने डबा पाहिला, पिशवी चाचपली, रुमाल झटकला. काही पडलं नाही. तिने पोरीकडे पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"सगळं खाल्लंस ना? मग आता काय झालं रडायला?"

"आई," टाचणी म्हणाली, "मला भूक लागलीय."

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खायची वेळ व्हायला अजून तास होता. ती शाबास म्हणाली नाही. सुजलेल्या पायांवर उठली आणि ताट वाढायला गेली.