धसईच्या बाजारात भरलेली जागतिक परिषद

भाताची झोडणी उरकली की आमच्याकडे लग्नाची बोलणी सुरू होतात. त्या वर्षी मीही बोलणी करत हिंडत होते, पण ती दोन संघटनांची सोयरीक जुळवण्यासाठी. मी तेव्हा टोकावड्याला राहायचे आणि बायकांच्या संघटनेचं काम करायचे. दूर परदेशात सगळ्या देशांचे व्यापारमंत्री जमून धान्याच्या आणि बियाण्यांच्या व्यापाराचे नियम ठरवणार होते. त्याच वेळी गावोगावी लोकांनी एकत्र येऊन विरोध करायचा, असं ठरलं होतं. विरोधाला सगळे तयार होते. अडत होतं ते एकत्र येण्यावर.

एक संघटना भातशेतकऱ्यांची, दुसरी डोंगरवाड्यांवरच्या लोकांची. शेतकऱ्यांनी भाजीच्या वाफ्यांना काटेरी कुंपणं घातली होती आणि वाडीवरून बाजाराला येणारी पायवाट त्यात बुजली होती. डोक्यावर मोळी घेऊन बायकांना भलामोठा वळसा पडायचा. त्यामुळे मुरबाडला बैठक बोलावली तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक खोलीच्या दोन भिंतींना टेकून बसले.

शेतकऱ्यांचे पुढारी, पांढऱ्या मिशांचे, सुरुवातीलाच म्हणाले, "मोर्चात आमचा झेंडा पुढं राहील."

वाडीवरची एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "तुमीच चला पुढं, दादा. पाय दुखलं तं आमी मागून उचलू."

सगळी खोली हसली. दादाही हसले, मिशीतल्या मिशीत.

शहापूरच्या एका प्राध्यापकांनी घोषणा लिहून आणल्या होत्या. 'जागतिकीकरण' म्हणताना बायकांची जीभ अडखळायला लागली. म्हातारी म्हणाली, "या शब्दाला चढ लय हाय." मग तिनं मला विचारलं, "ती मोठी लोकं तिथं जमून काय करनार गो?"

"टेबलाभोवती बसून भांडणार."

"मंग आपून पन भांडू की. बाजारात, सगल्यांदेखत."

असं ते ठरलं. धसईच्या बाजाराच्या दिवशी आम्ही ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली आणि तिच्यावर टेबल मांडलं. आपल्या देशाचे मंत्री झाले दादा. श्रीमंत देशाची मंत्री झाली म्हातारी. कासोटा मारलेल्या लुगड्यावर तिनं प्राध्यापकांचा कोट चढवला होता. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसानं मला विचारलं, "परिषद तर परदेशात आहे ना? मग इथं काय?" मी म्हटलं, "तिथं आम्हाला बोलावलं नाही, म्हणून इथं." तो ट्रॉलीजवळच उभा राहिला. तिथून चांगलं दिसत होतं.

म्हातारीनं टेबलावर हात आपटला. "तुमचं बी टाका फेकून! आमचं घ्या. दरसाल नवीन घ्या!"

यावर दादांनी ठणकावून 'नाही' म्हणायचं होतं. एरवी तासन्‌तास भाषण करणारा हा माणूस, पण कोट घातलेल्या म्हातारीसमोर त्याला शब्दच सुचेना. म्हातारी पुढे वाकून कुजबुजली, पण ते साऱ्या बाजारानं ऐकलं, "आवो, नाय म्हना की!"

"नाय!" भाजीवाल्या ओरडल्या. मग सगळा बाजारच ओरडला. पोलिसानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

आता म्हातारीला जोर चढला. ती मूळ बोलणं सोडून म्हणाली, "बरं, बी नको तं नको. पन करार करायचा तं आदी आमची वाट मोकली करा!"

हे आमच्या तालमीत नव्हतं. दादा लालबुंद झाले. त्यांनी कुंपणवाल्या शेतकऱ्यांकडे पाहिलं, वाडीच्या बायकांकडे पाहिलं, आणि एकदम उठून मंत्र्यासारखा हात वर केला.

"मंजूर!"

काय आरडाओरडा झाला! वाडीवरच्या लोकांनी तिथंच फेर धरला. दादांना ओढलं, प्राध्यापकांना ओढलं, मलाही. माझा पाय कायम चुकत होता आणि शेजारची मला हसत हसत पुढं ढकलत होती.

सगळ्या बाजारादेखत दिलेला शब्द. तो मोडणार कोण? पुढच्या बाजाराच्या आत दादांनी स्वतः उभं राहून काटे काढून घेतले. कुरकुर झाली, पण वाट मोकळी झाली.

परदेशातली परिषद कराराशिवायच उठल्याची बातमी रेडिओवर ऐकली, तेव्हा मी धावतच वाडीवर गेले. म्हातारी अंगणात वाल सोलत होती. तिला सांगितलं तर तिनं सूप बाजूला सारून माझे दोन्ही हात धरले आणि खदखदून हसली. शेजारणींना हाका मारमारून बातमी सांगितली. मग मला विचारलं, "आता परत कधी भरनार ती परिषद?"

"काही वर्षांनी भरेल, आई."

तिचा चेहरा पडला. "आन तवर आपून काय करायचं?"

त्यावर विचार करायला आम्ही दर अमावस्येला जमू लागलो. कधी वाडीवर, कधी दादांच्या खळ्यावर.