दिवाळसणाची विलायती बॅग

इतकी वर्षं लोटली, तरी ती तांबूस कातडी बॅग माझ्या टेबलावर आली तो दिवस जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा जोर होता आणि मी गिरगावातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. निम्मी माणसं सभा-मोर्च्यांच्या बंदोबस्तावर, उरलेली जागरणाने तारवटलेली. अशात एका विलायती कंपनीचा गोरा साहेब तणतणत आला. चार महिन्यांपूर्वी चौपाटीजवळ त्याच्या मोटारीतून बॅग चोरीला गेली होती, ती फिर्याद आमच्याकडेच पडून होती. आता तो म्हणाला, चोर सापडला. त्याच्याच कचेरीतला एक मराठी कारकून ती बॅग रोज काखोटीला मारून कामावर येत होता.

कारकुनाला बोलावलं. तिशीच्या आतला, दादरला राहणारा, शांत माणूस. "ही मला सासऱ्यांनी दिवाळसणात दिली," एवढंच म्हणाला. पुढचं सासऱ्यांसमोरच विचारायचं, असं मी ठरवलं. बॅगेवर विलायती कारखान्याचा सोनेरी ठसा होता. साहेबाच्या बॅगेच्या झाकणावर त्याच्या नावाची अक्षरं होती, आणि या बॅगेचं झाकण नेमकं तिथेच खरवडलेलं होतं. पुरावा म्हणून एवढं पुष्कळ होतं. दोन दिवसांत खुलासा झाला नाही तर घरी बसायचं, असं साहेबाने त्याला बजावलं होतं. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता.

सासऱ्यांना बोलावलं. गिरगावातलं जुनं, नावाजलेलं घराणं. एके काळी वाड्या होत्या, आता दोन खोल्या आणि पेन्शन. पण कोटाची इस्त्री कडक. मी त्यांना जावयाच्या शेजारीच बसवलं. दोघांचे चेहरे एकदम दिसले की खरंखोटं कळतं, असा माझा तेव्हाचा खाक्या.

"बॅग कुठे घेतलीत?"

"फोर्टात. नवी."

"दुकान कोणतं?"

"आता आठवत नाही."

"पावती?"

"जावयाला द्यायच्या वस्तूची पावती जपून ठेवायची असते होय?"

म्हातारा सरळ खोटं बोलत होता. झाकण खरवडलेली, कोपरे झिजलेली बॅग फोर्टातल्या कोणत्या दुकानात नवी म्हणून मिळते? मी आवाज चढवला. जावई खाली मान घालून बसला होता. मध्येच म्हणाला, "मामांना कशाला त्रास देता? काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." झालं, मला वाटलं हा कबुलीच्या उंबरठ्यावर आला.

मी पंचनाम्याला सुरुवात केली. आमचे हवालदार लालबागच्या चाळीत राहणारे मालवणी गृहस्थ. ते बॅगेचं वर्णन सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. आतलं अस्तर बाहेर ओढलं आणि ते थबकले. अस्तर उजेडात नेऊन बोटांनी चाचपू लागले.

"काय झालं?"

"सायबानू, ह्या कापड विलायतेचा न्हय. माझ्या घरातल्या उशीक ह्याच कापड आसा."

मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी खरोखरच उशीचा अभ्रा घेऊन आले. फिकट निळ्यावर तांबडी रेघ, आणि दर वितीवर त्या रेघेतला एक धागा तुटलेला. अस्तरातही नेमका तसाच. हवालदारांचा भाऊ गिरणीत मागावर होता. मागात काही बिघडलं आणि अख्खे तागे असे निघाले. ते कामगारांना स्वस्तात दिले आणि उरलेले एका व्यापाऱ्याने उचलले. ही सगळी हकीकत गेल्या पावसाळ्यातली. साहेबाची बॅग मात्र दहा वर्षांपूर्वी विलायतेहून आलेली. म्हणजे ही ती नव्हेच!

खरं तर इथेच कागद बंद करायला हवे होते. पण मला चैन पडेना. व्यापाऱ्याच्या मागावर आम्ही माहीमला बाजारामागच्या एका छोट्या कारखान्यात पोचलो. तिथे कारागीर कोऱ्या करकरीत बॅगांवर विलायती सोनेरी ठसे मारून त्यांना तेल आणि विटेची पूड चोळत होते. एकजण पत्र्याने झाकणं खरवडत होता, एखाद्या साहेबाची अक्षरं काढून टाकल्यासारखी. मालकाला ताब्यात घेतलं तर तो वर मलाच समजावू लागला. "साहब, हमारे पास से नया कौन लेगा? पुराना बोलो, तो विलायती हो जाता है." मायदेशी परतणाऱ्या गोऱ्यांचं सामान म्हणून हा माल जुन्या बाजारात जात होता.

दोघांना पुन्हा बोलावून मी हे सांगितलं. जावई सुटला होता, पण सासऱ्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "नवी परवडली नाही. जुन्या बाजारातून घेतली. आमच्या घरात जावयाला वापरलेली वस्तू आजवर कोणी दिलेली नाही हो." डोळे कोटाच्या बाहीने पुसले. मला स्वतःचीच लाज वाटली. मी म्हटलं, "नानासाहेब, तुम्ही नवीच दिलीत. वापरली ती जावईबापूंनीच पहिल्यांदा. तसं लिहूनही देतो." त्यांना धड हसताही येईना.

ते पुढे गेले. जावई मुद्देमालाच्या वहीत सही करायला मागे राहिला. मी आपलं सहज विचारलं, "तुम्हाला कधी शंका आली नाही?"

"आली ना. महिन्याभरात पट्टा तुटला. मोच्याने बघितल्याबरोबर सांगितलं, माल इथलाच आहे."

मी चाटच पडलो. "अहो, मग बोलला का नाहीत? एका वाक्यात सुटला असतात. नोकरी जायची वेळ आली होती!"

त्याने सही वाळू दिली आणि वही माझ्याकडे सरकवली. "मामा शेजारी बसले होते, साहेब."

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मला नोकरीत शिकवलं होतं आणि ते खरंही होतं. तो कोणासाठी लपवतो, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून जबाब घेताना मी घरच्या माणसांना आधी खोलीबाहेर बसवू लागलो.