अक्काच्या शेजारची जागा

जगात हेवा करण्यासारखी माणसं पुष्कळ असतील, पण हेवा करणाऱ्यालाच दमवून टाकणारा माणूस एकच, आमचे साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, लग्नं एकाच दिवशी एकाच चर्चमध्ये झालेली. पुढे मी जालन्याच्या शाळेत मास्तरच राहिलो आणि ते एमआयडीसीतल्या कारखान्यांना भंगार पुरवता पुरवता ट्रकांचे मालक झाले. जागा धरणं ही त्यांची पहिल्यापासूनची विद्या. एसटी फलाटाला लागायच्या आत यांचा रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असायचा. पैसा आल्यावर रुमालाचीही गरज उरली नाही. कोपऱ्याचा प्लॉट, लग्नात कूलरसमोरची खुर्ची, चर्चमध्ये पहिला बाक, सगळं यांचं. तो बाक यांनीच दिलेला, वरचा पंखाही यांचाच, आणि दोन्हींवर ‘सप्रेम भेट’ लिहून खाली यांचं नाव. धान्याची कोठारं वाढवायला निघालेला श्रीमंत त्याच रात्री कसा मेला, ही गोष्ट पाळकसाहेब प्रवचनात सांगायचे तेव्हा मी मोठ्या आशेनं साडूंकडे बघायचो. ते तल्लीन होऊन मान डोलवायचे. मी त्यांच्याच पंख्याचा वारा खात जळत बसायचो.

मग अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, गेली. आमच्या दफनभूमीत कबरी ओळीनं असतात. जो पुढचा जाईल त्याला ओळीतली पुढची जागा, हा जुना नियम. साडूंना अक्काच्या शेजारची जागा स्वतःसाठी हवी होती. कमिटीपुढे ते म्हणाले, “पूर्ण कंपाउंड बांधून देतो, बोअर पाडून देतो. तेवढी एक जागा माझ्या नावानं ठेवा.”

“कंपाउंड बांधा, बिलकुल बांधा,” पाळकसाहेब म्हणाले. “पण इथं जागा धरता येत न्हाई, भाऊसाहेब. देव ज्याला आधी बोलावंल त्याची जागा.”

खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नाही म्हटलं होतं.

कंपाउंड त्यांनी बांधलंच. आणि मग मंडळीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची अचाट सेवा सुरू केली. कुणी नुसतं खोकलं की यांची गाडी दारात. शहाळी, डॉक्टर, संभाजीनगरचं मोठं हॉस्पिटल, सगळा खर्च यांचा. स्वतः मात्र डॉक्टरांनी बंद केलेली जिलेबी ताटभर खायचे. लोक त्यांच्या दानतीचं कौतुक करायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. मला न्यूमोनिया झाला तेव्हा खरा प्रकार कळला. मला एसी खोलीत ठेवून ते उशाशी बसले होते.

“जल्दी बरे व्हा, साडूभाऊ. माझ्या आधी जाऊ नका. तुम्ही गेलात तर तिच्या बाजूला तुम्हाला ठेवतील.”

मला हसू येणार तोच दिसलं की त्यांचे डोळे भरले आहेत. मी बरा झालो. त्यांनी दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

पण चर्चची घंटा वाजवणारी म्हातारी मार्थामावशी एका सकाळी भाकरी खाता खाताच गेली. गाडी पाठवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला अक्काच्या शेजारी ठेवलं. साडूंनी मूठभर माती टाकली आणि सगळे पांगले तरी ते तिथंच उभे राहिले. मी जवळ गेलो. वाटलं, आता हा माणूस कोसळणार.

“मावशी लई बोलकी होती न्हाई का, साडूभाऊ?” त्यांनी विचारलं.

“लई,” मी म्हटलं.

“बरं झालं मंग,” ते अक्काच्या कबरीकडे बघत म्हणाले. “हिला एकटीला कधी करमलंच न्हाई. मी इतके दिवस त्याच काळजीत होतो.”

परतताना बायको रिक्षात माझ्या शेजारी डोळे पुसत बसली होती. हिला कशानं करमतं, हे मला उभ्या जन्मात ठाऊक नव्हतं. साडूंच्या ट्रकांचा, बंगल्याचा मी मनसोक्त हेवा केला होता, पण त्या दुपारी वाटला तसा हेवा मला कधीच वाटला नव्हता. तिच्या तोंडावर ऊन येत होतं. मी म्हटलं, “इकडं सावलीला बस.” ती माझ्याकडे बघतच राहिली.