आत्यानं एक अक्षरही बदललं नाही

माझ्या आत्याला कचेरीत सगळे 'टाचणी' म्हणायचे. एक तर ती होतीच तशी सडसडीत. शिवाय ती टोचायची, पण आपल्याला टोचलंय हे समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं.

ती संसदेत लघुलेखिका होती. मिनिटाला एकशे साठ शब्द. परीक्षेला बसलेल्या एकोणीस पुरुषांना मागं टाकून तिनं ही नोकरी मिळवली. नेमणुकीच्या कागदावर सही करताना मोठ्या साहेबांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं होतं, असं ती रंगवून सांगायची.

सभागृहाच्या मधोमध तिचं छोटं टेबल. त्यावर वही आणि टोक काढलेल्या चार पेन्सिली. भोवती दोनशेच्या वर सभासद, झाडून सगळे पुरुष. बायकांना तेव्हा मतच नव्हतं, मग सभासद होणं तर दूरच. वर प्रेक्षकांच्या सज्जात बायका बसू शकत, पण खाली बाई ही एकच, आणि तिला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

लिहून घेणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे शब्द धुऊन काढणं. सभासद संध्याकाळी दुरुस्तीच्या खोलीत येत आणि आपण काय बोललो ते बदलून घेत. सहाच्या आत आलं तर बदल, नाही तर बोलले तसं छापायचं, असा लेखी नियम होता. पण कुणी आलं नाही तरी आत्या आपणहून नीटनेटकं करायची. 'ए गाढवा, खाली बस'चं 'सन्माननीय सदस्यांनी आसनस्थ व्हावे' व्हायचं. अकरा वर्षं तिनं त्या लोकांची अब्रू इस्त्री करून दिली.

मग बायकांना मताचा हक्क देणारं विधेयक तिसऱ्यांदा आलं. आधी दोनदा ते सपाटून आपटलं होतं. चर्चा पहिल्या दिवशी, मतदान दुसऱ्या.

चर्चेत एक सभासद उठले. प्रत्येक वाक्यानंतर ते टाळ्यांसाठी थांबत, म्हणून आत्या त्यांना 'टाळीवाले' म्हणायची. ते म्हणाले, "बायकांना वेगळं मत हवंय कशाला? माझ्या बायकोचं मत माझ्या खिशात असतं, रुमालाच्या शेजारी!" सभागृह खो खो हसलं. मग चढाओढच लागली. एक म्हणाले, माझ्या बायकोला घड्याळ कळत नाही, तिला कायदा काय कळणार? दुसऱ्यांनी सासूचा उद्धार केला. आत्याची पेन्सिल चालूच होती.

विधेयक पुन्हा पडणार हे ठरलेलंच, म्हणून टाळीवाल्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मोठ्या साहेबांची दाढ ठणकत होती. "सहा वाजले की मजकूर छापखान्यात पाठव," असं गालावर हात धरून सांगून ते दंतवैद्याकडे गेले.

आत्या दुरुस्तीच्या खोलीत घड्याळासमोर बसली. साडेपाच. पावणेसहा. खोलीकडे कुणी फिरकलं नाही. 'सदस्यांनी पतिपत्नींच्या वैचारिक ऐक्याचा गौरवपूर्ण उल्लेख केला' हे वाक्य तिच्या डोक्यात तयार होतं. तिनं कागद टंकलेखन यंत्रात घातलासुद्धा. मग काढला. सहाचे ठोके पडले तशी ती उठली आणि मजकूर होता तसा, कंसातल्या प्रत्येक 'हशा'सकट, छापखान्यात देऊन आली.

"भीती नाही वाटली?" मी एकदा विचारलं.

"वाटली की. पण हसूही आवरत नव्हतं. दोन्ही एकदम झालं की उचकी लागते."

छापील कामकाज रोज सकाळी प्रत्येक सभासदाच्या घरी जायचं. सभासद ते कधीच वाचत नसत. बायका वाचत, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. टाळीवाल्यांच्या पत्नीनं न्याहारीच्या टेबलावर ते मोठ्यानं वाचलं आणि हात पुढे केला. "माझं मत तुमच्या खिशात आहे म्हणे. काढा बरं, बघू." खिशातून फक्त रुमाल निघाला. जिच्या घड्याळाचा विषय निघाला होता, तिनं घरातलं प्रत्येक घड्याळ दोन तास मागं लावलं. तिचा नवरा पोचला तेव्हा मतदान आटोपलं होतं.

त्या दिवशी वरच्या सज्जात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकीच्या मांडीवर छापील अंक. कुणी ओरडलं नाही, घोषणा दिली नाही. खालचा एखादा बोलायला उठला की सगळ्या एकदम पान उलटायच्या. तेवढा आवाज पुरे होता. अठरा-वीस जण पोट बिघडल्याचं कळवून घरीच राहिले. विधेयक तीन मतांनी मंजूर झालं.

आत्याची चौकशी झाली. तीन जणांची समिती, मधोमध टाळीवाले.

"हे शब्द तुम्ही मुद्दाम घातलेत!"

"घातले नाहीत साहेब. काढले नाहीत."

"आजवर तर काढत होता?"

"ते नियमात नव्हतं. माझी चूकच झाली, अकरा वर्षं."

शिक्षा करायला कलम सापडेना. शेवटी तिला तळघरातल्या दप्तरखान्यात पाठवलं. सात महिने ती जुन्या फायलींची धूळ खात बसली. रात्री खोकायची, आणि तेव्हा मात्र तिचं हसू हरवलं होतं. पण तिच्या जागी आलेल्या तिघांना मिळूनही वेग पकडता येईना. सभासदांची अर्धी वाक्यं गायब व्हायला लागली, तेव्हा तिला मुकाट्यानं वर बोलावलं.

मग निवडणूक आली. बाबा, आई आणि आत्या शाळेतल्या केंद्रावर गेले. बाबा वाटभर आईला शिकवत होते. "दुसऱ्या नावासमोर खूण. दुसऱ्या. कळलं?" आई मान डोलावत होती.

ती पडद्यामागे गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. बाबांची चुळबुळ सुरू झाली. "एवढा वेळ काय करतेय?"

"विचार करत असेल," आत्या म्हणाली.

"विचार कसला? मी सांगितलंय ना तिला!"

आई पदर सारखा करत बाहेर आली. बाबा पुटपुटले, "दुसरंच ना?"

"अहो, गुप्त असतं ते," आई म्हणाली.

दुसऱ्या नावाचा तो माणूस आमच्या भागात सहा मतांनी पडला. बाबा महिनाभर शेजाऱ्यांवर संशय घेत होते, आणि आई त्यांना मनापासून दुजोरा देत होती.