शंभरवरची ट्रायल

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, बहिणीजवळ तं नाहीच. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हाही मुद्दाम दुसरंच काही आठवत राहतो. तुले सांगून राहिलो, कारण तू मले ओळखत नाही. अर्ध्यातून उठून गेला, तरी मी काही म्हणणार नाही.

मी गाडीचा मिस्त्री आहे. रायपूरले भनपुरीत दुकान आहे माहं. पुढं चाकं बॅलन्स कराची मशीन, मागं गाडी उचलाची जागा, आन् आजूबाजूले दिवसभर ट्रकच ट्रक. वडील रेल्वेच्या नोकरीत विदर्भातून इकडं आले आन् आम्ही इथलेच होऊन गेलो. घरात मराठी, दुकानात हिंदी. गिऱ्हाइकं भैया म्हणतात. आन् माह्याबद्दल एक गोष्ट सांगत फिरतात, की हा भैया गाडीचा बिघाड कानानं पकडते.

ते कसं, सांगू? हायवेवर स्टेरिंग हलते म्हणत कोणी आलं, तं मी चालवाले बसत नाही. म्हणतो, आप चलाइए, मैं सुनता हूँ. बाजूच्या सीटवर बसतो, एक हात डॅशबोर्डवर, डोळे बंद. लोकायले वाटते, काय ध्यान लावून ऐकून राहिला माणूस! अरे कायचं ध्यान, बावा? डोळे भेवानं बंद असतात.

शिकत होतो तेव्हा उस्तादाची एक गाडी घेऊन बिलासपूर रोडवर निघालो होतो. नव्वदच्या वर काटा, आन् बोनेट उघडून धाडकन काचेवर आदळलं. समोर काहीच नाही — नुसता पत्रा. गाडी कशी थांबली, मले आजही सांगता येत नाही. वाचलो. पण तेव्हापासून काटा साठच्या पुढं सरकला की हात घामानं ओले होतात आन् पाय आपोआपच ब्रेकवर जाते. मिस्त्री आन् वेगाले भेते — हे सांगाचं कोणाले? सांगून दुकान चालन का?

मंग एक लबाडी शिकलो. गिऱ्हाईक सोबत नसलं तं गाडी काढाची, पुलाखालच्या चहाच्या ठेल्याजवळ लावाची, दोन चहा प्याचे आन् परत याचं. ट्रायल ले लिया, एकदम मक्खन! बहुतेक वेळा गाडी खरंच ठीक असाची, काम माहं वाईट नाही. म्हणून खपत गेलं. इतकं खपलं की मलेच वाटाले लागलं, ट्रायल म्हणजे चहा.

इथवर ऐकून तू हसला असशील. हस. इथवरचं हसण्यासारखंच आहे.

प्रकाश माहा जवाई. धाकट्या बहिणीचा, वनिताचा नवरा. बीरगावात घर, जवळच्या उरला गावातल्या कारखान्यात नोकरी. कमी बोलणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मले भाऊ म्हणते. त्यानं एक जुनी डिझेल गाडी घेतली होती, कोण्या साहेबाच्या हातची. गाडी म्हातारी, पण धुऊनपुसून अशी ठेवाचा की पाहत राहावं.

दसऱ्याले आमच्याकडचे लोक नागपूरले दीक्षाभूमीले जातात. माय दरवर्षी रेल्वेनं जायची, गर्दीत उभी राहून, पांढरं लुगडं सांभाळत. त्या वर्षी तिचे गुडघे फारच धरले होते. प्रकाश म्हणाला, माय, यंदा आपल्या गाडीत जाऊ. अख्ख्या मोहल्ल्यात सांगत फिरली ती — मी जवायाच्या गाडीत चालली! लहान पोरीसारखी झाली होती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी प्रकाश गाडी दुकानात सोडून ड्युटीवर गेला. तक्रार एकच. भाऊ, सत्तरपर्यंत काही नाही, ऐंशीच्या पुढं स्टेरिंग थरथराले लागते. आधी उलीसक, मंग हाताले मुंग्या येईस्तोवर.

आता ही थरथर कशी शोधतात, ते समजून घे, नाहीतर माहा गुन्हा तुले समजणार नाही. ब्रेक दाबल्यावर हलली तं ब्रेकची डिस्क वाकडी. सीट हलली तं मागची चाकं. स्टेरिंग हलली तं पुढची. मी पुढचे जॉइंट हलवून पाहिले — घट्ट. रिम पाहिली — सरळ. चाकं मशीनवर चढवली. उजवं एका झटक्यात बॅलन्स झालं. डावं होईना. इथं रिमले शिशाचं वजन लावलं तं मशीन तिथं अजून मागाची. लावत गेलो, लावत गेलो, तेव्हा कुठं शून्य आलं. एवढं वजन चांगलं चाक खात नाही, हे मले ठाऊक होतं. टायरवरून तळवा फिरवला. एका जागी उंच लागलं. लागलं का? परत फिरवला, तं वाटलं नाही. वरून तं टायर नव्यासारखं होतं, नक्षी शाबूत. पण जुन्या टायरचं पोट आतून सुटते — वरचा रबराचा पट्टा आन् आतल्या तारा एकमेकायले सोडतात, आन् बाहेरून पत्ता लागत नाही. ते वेगातच कळते. बॅलन्स करूनही स्टेरिंग ऐंशीले हललीच, तं समजाचं की टायर गेलं, काढून फेका.

म्हणजे काय कराचं बाकी होतं? गाडी हायवेवर नव्वदवर न्याची. बस्स.

मी गाडी काढली. आन् पुलाखाली नेऊन लावली. चहा गोड झाला होता त्या दिवशी, हेही ध्यानात आहे. डोक्यात तो उंचवटा होता, तळव्याले लागलेला. मी स्वतःले म्हणत होतो, वाटलं असन, मशीन तं शून्य दाखवून राहिली ना.

परत आलो तं माय दुकानात येऊन बसलेली. भाचीसोबत आली होती, गाडी पाहाले. तिनं विचारलं, पोरा, तू स्वतः चालवून पाहिली ना रे? मी म्हटलं, हाव माय. शंभरवर. हललीही नाही.

ऐंशी नाही, नव्वद नाही — शंभर. काहून म्हटलं असं? तिच्या चेहऱ्यावर ते पाहाले बरं वाटलं म्हणून. माहा पोरगा शंभरवर चालवते.

थोड्या वेळानं ड्युटी करून प्रकाश आला. म्हणाला, चला भाऊ, एक चक्कर मारू, मी चालवतो, तुम्ही ऐका. सांग आता. किती सोपं होतं! मले नुसतं बाजूले बसाचं होतं, डोळे मिटून. रोजचंच माहं सोंग. पण मायसमोर शंभर बोलून बसलो होतो. आता परत निघालो तं ती म्हणन, मंग पहिले काय केलं? म्हणून मी खेकसलो त्याच्यावर — काहून, भरोसा नाही का माह्यावर? तो बिचारा ओशाळला. माय म्हणाली, माह्या पोरानं पाहिली म्हणजे झालं, चला घरी. आन् ते गेले.

सकाळी मी त्यायले निरोप द्याले गेलो नाही. दुकानातही उशिराच गेलो. फोन वाजला की आधी नाव पाहाचो, मंग उचलाचो. दोन फोन गिऱ्हाइकाचे आले. तिसरा भाचीचा होता.

राजनांदगावच्या पुढं गाडी रस्त्याकडच्या कठड्याले आदळली होती, डाव्या बाजूनं. गुडघ्यासाठी पाय लांब करता यावे म्हणून मायले पुढं बसवलं होतं. डावीकडं.

वनिताचा खांदा मोडला. भाचीले टाके पडले. प्रकाशले खरचटलं फक्त. माय जागीच गेली.

दवाखान्यात प्रकाश मले बिलगून रडला. एकच सांगत होता — भाऊ, स्टेरिंग थरथरली, लय जोरात थरथरली, मंग हातातून ओढूनच घेतली कोणी. मी त्याची पाठ थोपटून राहिलो होतो. हाच हात, टायरवरून फिरवलेला.

मंग ठाण्याच्या आवारात गाडी पाहाले नेलं मले. पुढच्या डाव्या टायरचा पट्टा सोलून निघालेला. लोक म्हणत होते, आदळल्यावर फाटलं. मी खाली बसलो, आत पाहिलं. तारा गंजलेल्या होत्या. आज फाटलेल्या टायरमध्ये गंज कुठून येईन? ते कधीचं आतून सुटलं होतं. त्या आवारात हे वाचता येणारा माणूस एकटा मी होतो.

पोलिसानं विचारलं, गाडी पे काम किसने किया था? मी म्हटलं, मैंने. ट्रायल लिया था? लिया था साहब, सौ पर. गाड़ी में कोई खराबी नहीं थी.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही ना. तो म्हणाला, फिर कैसे हुआ? आन् मी म्हटलं, आदल्या रात्री ड्युटी करून आला होता साहब, झपकी लागली असन.

प्रकाश रात्रपाळीले नव्हता. दिवसाची ड्युटी करून, पोटभर झोपून निघाला होता. त्या पोलिसानं काही तपासलं नाही, लिहून घेतलं. पण झोप हा शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाला? माह्या. मले कोणी विचारलाही नव्हता. दोन दिवसांत तो सगळ्या नात्यागोत्यात पोचला. भनपुरीवाला भाऊ स्वतः म्हणते, गाडी ठीक होती! मंग काय, झालाच निकाल.

मायच्या पुण्यानुमोदनाले प्रकाश सगळ्यायच्या मागं, चपलांजवळ बसला होता. वनितानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. वर्षं झाली, ती त्याच्याशी सरळ बोलत नाही. पोरीच्या मार्फत बोलते — तुह्या बापाले सांग, जेवण झाकून ठेवलं. पोरगी हिंदीत सांगते, पापा, खाना रखा है. एका छताखाली तिघं. सुरुवातीले तो स्टेरिंगचं सांगाचा, थरथरीचं सांगाचा. ऐकणारे खाली पाहाचे. मंग त्यानं सांगणंच सोडलं. गाडीले परत हात लावला नाही. सायकलनं कारखान्यात जाते.

आन् मी? माहं दुकान चांगलं चालते. भैया अजूनही कानानंच ओळखते.

यंदा मायच्या स्मृतिदिनाले बीरगावच्या विहारात वंदना झाली. खीर वाटून झाल्यावर प्रकाशनं मले बाहेर बोलावलं. ऊन कडक होतं, आत लोक बोलत होते. त्याचे केस सगळे पिकलेत. मले वाटलं, आता हा विचारणार — भाऊ, खरं सांगा, ट्रायल घेतली होती का? खरं सांगतो, त्यानं विचारावं असंही वाटलं मले. त्यानं माहे दोन्ही हात धरले. म्हणाला, भाऊ, इतके वर्षं मी स्टेरिंगच्या नावावर ढकलत राहिलो. आता मले आठवते. माहा डोळा लागला होता. तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं, आन् तरी मले कधी एका शब्दानं टोचलं नाही. तुमची माय मी मारली. मले माफ करा.

ज्या माणसाचा डोळा लागलाच नव्हता, त्याले आता तो लागल्याचं आठवते.

तोंड उघडलं मी. हाच क्षण होता, समोर तो एकटा होता, दुसरं कोणी ऐकाले नव्हतं.

मी म्हटलं, जाऊ द्या जवाई. मी कधीच माफ केलं तुम्हाले.

त्यानं डोळे पुसले आन् माहे हात कपाळाले लावले.