वाकणारं लाकूड

गल्लीत त्यांना सगळे खुर्चीकाका म्हणत. लाँड्रीशेजारी जिन्याखालच्या इवल्याशा खोलीत बसून तीस वर्षं त्यांनी फक्त खुर्च्याच दुरुस्त केल्या होत्या. डुगडुगणारे पाय, निखळलेल्या पाठी, वजनदार साहेबांनी मोडलेल्या बैठकी. लाकूड हलता कामा नये, वाकता कामा नये, कुरकुरता कामा नये, एवढंच त्यांचं शास्त्र. स्वभावही तसाच. शिवणकाम करणारी त्यांची बायको म्हणायची, "मोडेन पण वाकणार नाही, हे आमच्या ह्यांच्याकडे बघूनच कोणीतरी म्हटलं असणार."

एका सकाळी सत्तरीच्या एक बाई दुकानात आल्या. हातात कापडात गुंडाळलेलं, त्यांच्याहून उंच काहीतरी. काकांना वाटलं, पडद्याचा दांडा.

"मिस्त्री, टोकाचं शिंग निखळलंय. चिकटवून द्याल?"

कापड सुटलं. आत दांडाच होता, पण मधे जाड आणि दोन्ही टोकांकडे बोटाएवढा निमुळता. एका टोकावर शिंगाची छोटी टोपी, तिला दोरी अडकवायची खाच. दुसरी टोपी बाईंच्या हातात.

"हे काय आहे?"

"धनुष्य. मी पंचवीस वर्षं तिरंदाजी शिकवली. शिकले ती माझ्या गुरूंकडून, यावर. आणि त्यांनाही हे जुनंच मिळालं होतं."

"काठीसारखं दिसतंय."

"दोरी उतरवली की काठीच असते ती," बाई म्हणाल्या. "चढवल्यावर बोला."

टोपी चिकटवणं अर्ध्या तासाचं काम. काकांनी धनुष्य आठ दिवस ठेवून घेतलं. सबब सांगितली सरस वाळण्याची, पण खरी गोष्ट वेगळीच होती. धनुष्याची बाहेरची बाजू फिकट होती, आतली तांबूस-काळी. म्हणजे दोन लाकडं जोडलेली असणार. काकांनी सांधा भिंगाने शोधला, नखाने शोधला, ओलं बोट फिरवून शोधला. सांधा नव्हताच. एकाच झाडाचं सालीजवळचं लाकूड आणि गाभा, दोन्ही एकाच तुकड्यात. एवढं कळल्यावर त्यांना जेवणही सुचेना. आणखी एक गोष्ट खटकत होती. धनुष्याचा वरचा भाग किंचित नागमोडी होता, आणि एका गाठीवर तर चक्क उंचवटा सोडलेला. "एवढा मोठा कारागीर आणि रंधा मारायचा कंटाळा!" ते बायकोला म्हणाले.

"तुम्ही नका मारू म्हणजे झालं. लोकांची वस्तू आहे," ती म्हणाली.

बाई न्यायला आल्या तेव्हा काकांनी विचारलंच, "हे चालतं तरी कसं?"

बाई त्यांना सरळ मैदानावर घेऊन गेल्या. दोरी कशी चढवायची ते दाखवलं, पाय कुठे ठेवायचे ते सांगितलं. स्वतः मात्र ओढून दाखवलं नाही. "खांदा गेला. अकरा वर्षं झाली," एवढंच म्हणाल्या. काकांनी दोरी ओढली. लाकूड त्यांच्या हातात वाकू लागलं, आणखी वाकलं, इतकं की आता मोडणार म्हणून त्यांनी डोळेच मिटले. दोरी सुटली. बाण गवतात कुठेतरी गेला, आणि धनुष्य पुन्हा पहिल्यासारखं, जणू काही झालंच नाही.

"बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते," बाई म्हणाल्या. "फिकट लाकडाला ताण झेपतो, गाभ्याला दाब. झाडानेच ते तसं वाढवलंय."

त्या दिवसापासून काकांना नवी खोड लागली. चांगली सरळ फळी आणून, आरशासारखा रंधा मारून त्यांनी धनुष्य केलं. तिसऱ्या ओढीला काडकन आवाज झाला. बायको मशीनवरून उठून आली आणि तुकडे बघून म्हणाली, "मोठा तीर मारलात!" दुसरंही तसंच मोडलं. काका ते तुकडे घेऊन बाईंच्या घरी गेले.

बाईंनी ते मेजावर मांडले. जुनं धनुष्य काढून तुकड्यांशेजारी ठेवलं. काका आधी आपल्या लाकडातल्या तंतूंच्या रेषेवरून बोट फिरवत गेले. जिथे ती रेषा कडेला येऊन संपली होती, बरोबर तिथेच दोन्ही धनुष्यं मोडली होती. मग जुन्या धनुष्यावर बोट ठेवलं. रेषा वळली तिथे धनुष्य वळलं होतं, गाठीवर चढली तिथे चढलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही रेषा तुटलेली नव्हती.

"आणि मी त्याला आळशी म्हटलं," काका म्हणाले.

रस्ता रुंद करताना पडलेल्या झाडाचा ओंडका त्यांनी मागून आणला. करवत लावली नाही, पाचरी ठोकून उभा फोडला. करवत आपल्या मनाने जाते, पाचर रेषेच्या मागे जाते. लाकूड वर्षभर सुकवलं. त्या वर्षात एकदा त्यांनी बाईंच्या हातात ताणकाटा दिला. "खांदा न दुखता किती ओढवतं?"

काटा नऊ किलोवर थांबला. "कशाला हवंय?" बाईंनी विचारलं.

"असंच."

मग तासणी सुरू झाली. काका धनुष्य भिंतीच्या खुंटीला टांगून दोरी खाली ओढत आणि बायको समोर उभी राहून वाक बघे. दोरीही तिनेच जाड धाग्याला मेण चोळून, पीळ देऊन केली होती. "डावी बाजू ताठ आहे अजून," ती म्हणे. "बाही कशी उतरते, तसं उतरू द्या." काका कानशीने दोन हात मारत आणि पुन्हा टांगत. माप कापडाचं असो की लाकडाचं, तिच्या डोळ्याशी वाद घालायचा नाही हे ते एव्हाना शिकले होते.

धनुष्य तयार झालं, त्या दिवशी मैदानावर बँकेतली एक मुलगी चाकं आणि दुर्बीण लावलेलं नवंकोरं धनुष्य घेऊन आली होती. काकांनी आपलं वेडंवाकडं धनुष्य बाईंच्या पुढे धरलं.

"ओढायला किती किलो?"

"नऊ किलो. एक गुंजही जास्त नाही."

बाईंनी आधी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. नागमोडी भागाशी बोट थांबलं, मग पुढे गेलं. त्या उभ्या राहिल्या, खांदा खाली सोडला आणि दोरी ओढली. बाण निशाणाच्या खालच्या कडेला कसाबसा लागला. मुलीने टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिकडे बघितलंही नाही. हात मागे केला आणि म्हणाल्या, "दुसरा द्या."

भात्यातले सहाही बाण संपले. काका ते गोळा करायला गेले तेव्हा मागून मुलीचा आवाज आला, "आजी, मी एकदा ओढून बघू?"

"रांगेत उभी राहा," बाई म्हणाल्या. "माझं झालं नाही अजून."